उन्हाची भिंत

लेह, १२ ऑक्टोबर १९९४

आचे, जुले.

हे पत्र शेवटच्या ट्रकने येतंय. ड्रायव्हर म्हणतो खिंडीत बर्फ पडायला लागलाय, यानंतर तो काही तिकडे फिरकणार नाही. म्हणजे आता जानेवारीत नदी गोठून चादर धरली, लोक तिच्यावरून चालायला लागले, की मगच तुमची खबर. म्हणून सगळं एकदाच लिहितो. आमाला आणि यांगस्कितला समोर बसवून वाचून दाखव. मधलं गाळू नकोस. लहानपणी तू पोथी कशी वाचायचीस ते मला आठवतंय, चार पानं एकदम उलटायचीस.

महिनाअखेर यांगस्कितने खालच्या नव्या घरात राहायला जायचं. रंग वाळला असेल. दक्षिणेकडच्या काळ्या भिंतीवर काही टांगू नका, काचेवर पडदा लावू नका. आमाला पुन्हा एकदा समजावून सांग: काचेतून ऊन आत जातं, काळी भिंत ते पिते, आणि भिंत नि काच यांच्यामध्ये जी वीतभर जागा सोडलीय तिथली हवा तापते. ती वरच्या भोकांतून खोलीत येते, खोलीतली गार हवा खालच्या भोकांतून त्या जागेत जाते. दिवसा भोकं उघडी ठेवायची, सूर्य मावळला की चिंध्यांच्या बोळ्यांनी बंद करायची. विसरलात तर रात्रभर उलटं चालेल, घरच गार होईल. शिवाय पत्र्याची शेगडी आहे, तिला धुराडं आहे. सकाळ-संध्याकाळ थोड्या गोवऱ्या पुरतील.

आता मुख्य गोष्ट. जुन्या घरातल्या गोठ्याशेजारच्या खोलीत यंदा यांगस्कितने राहायचं नाही. तुम्ही सगळे म्हणणार, आपल्याकडे हिवाळा तिथेच काढतात, गुरांची ऊब मिळते. मिळते. आणि धूरही मिळतो. आबा त्याच खोलीत खोकत खोकत गेले. गेल्या मार्चमध्ये आमचा मुलगा तिथेच गेला, सव्वा महिन्याचा. मी त्याला पाहिलंही नाही. पदुमच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीत धूर भरला होता. आता फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुसरं येईल. त्या खोलीत मी पुन्हा माझं मूल जन्माला येऊ देणार नाही. माझं बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेचे साहेब घर बघायला येणार आहेत. मी त्यांना नकाशा दाखवला. माझ्या हातचा आहे यावर आधी त्यांचा विश्वास बसेना.

आमाला म्हणावं, तिच्या गुडघ्यांना नव्या घरात आराम पडेल.

तुझा धाकटा भाऊ
उर्गेन


शुनलिंग, २९ ऑक्टोबर

नोनो, जुले.

शाळेचे मास्तर घोड्यावरून निघालेत, खिंड बंद व्हायच्या आत त्यांना बाहेर पडायचंय. बिचारे हिवाळ्याला फार भितात. त्यांच्या हाती हे देतेय.

तुझं पत्र एक पानही न उलटता वाचलं. आमा म्हणाली, 'एवढ्या सूचना तर घराच्या पूजेला लामाने दिल्या नाहीत.' मग म्हणाली, परत वाच. दुसऱ्यांदा वाचताना तिला डुलकी लागली, तरी मी थांबले की डोळे मिटूनच 'हं' म्हणायची.

यांगस्कित परवा खाली राहायला गेली. लामाने नवी चूल पेटवून दिली. आमाही तिच्याबरोबर गेलीय. पहिलं मूल गेलेल्या पोटुशीला एकटी झोपू द्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. आणि लामाने पेटवलेली चूल डिसेंबरातलं लोसर होऊन नवं वर्ष लागेपर्यंत सोडून जायची नसते, हेही तिचंच. मी गुरांपाशी वर राहिलेय. पाच मेंढ्या, दुभती झोमो आणि मी, ही डोकं भादरलेली भिक्षुणी जोमो, आमचं छान चाललंय. दिवसातून दोनदा खाली दूध पोचवते.

यांगस्कितला त्या काचेची लाज वाटते. म्हणते, वाटेने जाणारा प्रत्येक जण वाकून बघतो. मी म्हटलं, बघू दे, काळी भिंत सोडून त्याला काय दिसणार आहे? तरी तिने एक दिवस घोंगडी टांगलीच. मी तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवल्यावर काढली. तुझा शब्द म्हणजे तिला देवाचा शब्द. तू जरा जपून लिहीत जा.

आपले म्हातारे मेमे लुंडुप रोज एक चक्कर मारतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनाही तुमच्या शेजारी असंच घर बांधायचंय, नातवाच्या लग्नासाठी. काचेवर काठी टकटक वाजवतात आणि विचारतात, 'ही ऊन ओढून आणते का गं?' मी म्हणते, 'मेमे, मला काय विचारता? विचारा ज्याने बांधलंय त्याला.'

ऊन येतं. सकाळी थोडं उशिरा येतं, एवढंच.

तब्येतीला जप.

छोसडोल


लेह, १२ जानेवारी १९९५

आचे, जुले.

चादर धरली. थुकजे आणि आणखी चौघे आज निघतायत, दहा दिवसांत पोचतील. त्याच्यापाशी यांगस्कितसाठी जाड मोजे, बाळासाठी लोकरीची टोपी आणि आमाला गूळ दिलाय. थुकजेने गूळ वाटेत खाल्ला तर मला कळव.

अडीच महिने मी रोज तुमच्याविषयी विचार करतोय. इथे संस्थेच्या आवारात आम्ही तशाच भिंतीची एक खोली बांधलीय. बाहेर उणे अठरा असताना आत अधिक दहा. मी स्वतः पाहिलं. अंगातला कोट काढून बसलो होतो. दहा अंशात कोट काढून बसलेला माणूस बघून साहेब हसले, पण मला माझ्या घरात बसल्यासारखं वाटत होतं. तुमच्याकडे थंडी जास्त, तरी आत पाणी गोठणार नाही एवढं नक्की.

एक बातमी आहे, ती आमाला आधी सांग. साहेबांना नकाशा फार आवडला. येत्या उन्हाळ्यात आपल्याच सपाटीवर, आपल्या घराच्या रांगेत, बारा घरं बांधायची ठरवतायत. लुंडुपमेमेंचं त्यात पहिलं. खुंट्या ठोकायला मीच येणार. आमा म्हणायची ना, याला एवढ्या लहानपणी शाळेला धाडलं ते चुकलं का म्हणून? आता नाही म्हणणार.

यांगस्कितचे दिवस भरत आले. आचे, मी तिला ओळखतो. ती भित्री आहे. जरा गार वाटलं, कुणी म्हातारीने काही सांगितलं, की ती घाबरून जुन्या खोलीकडे पळेल. तू मोठी आहेस. अडव तिला. कितीही रडली तरी गोठ्याच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. मी हे तुझ्यावर सोपवतोय, दुसऱ्या कुणावर सोपवू शकत नाही.

तिला सांग, मी रोज तिची आठवण काढतो. हे वाचताना तू तोंड वाकडं करशील, पण वाच.

उर्गेन


शुनलिंग, २४ जानेवारी

नोनो, जुले.

थुकजे परत निघालाय म्हणून घाईत लिहिते.

तुझं पत्र मिळालं. वाचून दाखवलं. यांगस्कित ठीक आहे. खाते, झोपते, उबेत आहे. मोजे बसले. टोपी मोठी आहे, पण मूलही मोठं होणारच. गूळ पोचला.

चादर यंदा पातळ आहे. थुकजे सांगेलच, वाटेत त्यांच्यातले दोघे कमरेपर्यंत आत गेले. मूल बघायला म्हणून तू निघायचं मनातही आणू नकोस. सात वर्षांचा असताना आबांच्या पाठीवर बसून तू ती वाट गेलास, तेवढीच. तुझ्या पायांना त्या बर्फाची सवय नाही. बाळ झालं की मी कळवीन.

काळजी करू नकोस.

छोसडोल


लेह, ४ फेब्रुवारी

आचे,

तुझं पत्र चारदा वाचलं. ते तुझं नाही. तू मला कधी एवढं थोडं लिहिलंस? मेमे लुंडुप नाहीत, झोमो नाही, एक टोमणाही नाही.

थुकजेला विचारलं, नवं घर कसं वाटलं? तो म्हणाला, छान आहे. विचारलं, आत गेला होतास? म्हणाला, दार बंद होतं. विचारलं, धुराड्यातून धूर येत होता? तर म्हणे लक्ष नाही गेलं. दहा दिवस थंडीत चालून आलेला माणूस गावात शिरल्यावर कुणाच्या घरातून धूर येतोय हे बघत नाही? मग विचारलं, आमा कशी आहे? तो खाली वाकून बुटाची दोरी बांधत बसला. बांधलेलीच होती. म्हणाला, 'आचेला विचार.'

म्हणून विचारतो. तू तिला त्या खोलीत नेलंस ना?

मला माहीत आहे हे कसं झालं असेल. आमाचे गुडघे दुखायला लागले असतील, तिला तिची जुनी जागा हवी असेल. तिने सुनेला भरीस घातलं आणि तू दोघींची गोष्ट झाकलीस. म्हणून तर तुझ्या पत्रात तिचं नावसुद्धा नाही. तिला सांग मी रागावलोय. ती बोलली नाही माझ्याशी तरी चालेल, पण हे तिला सांग.

आणि तू. मी तुझ्यावर विश्वास टाकला होता. एक मूल त्या धुरात गेलं, दुसरंही तिथेच नेऊन ठेवलंस. तुला स्वतःचं मूल नाही, आचे. असतं तर कळलं असतं.

हे लिहून दोन तास झाले. खोडावंसं वाटलं, पण खोडत नाही. माझी तीच भावना आहे. मला खरं काय ते लिही.

उर्गेन


शुनलिंग, १६ फेब्रुवारी

नोनो,

आमा गेली. ११ जानेवारीला, सकाळी. तुझं गुळाचं पत्र तेव्हा लेहहून निघालंही नव्हतं. हे मी गेल्या वेळीच लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तू तडक नदीवर आला असतास, आणि त्या पातळ बर्फावर रडणाऱ्या माणसाने चालू नये. थुकजेला मीच शपथ घातली होती. त्याला बोलू नकोस.

तुझ्या घरी मुलगी झालीय. ६ फेब्रुवारीला. जिवंत आहे, दूध पिते, रडते तर गोठ्यातल्या मेंढ्या दचकतात. आकाराने अगदी लहान आहे. तुझी टोपी तिच्या हनुवटीपर्यंत येते. हे आधी सांगितलं, आता बाकीचं वाच.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला तुझ्या काळ्या भिंतीवर दुपारी चहाचा एक वाडगा संपेल एवढा वेळ ऊन आलं. दहा तारखेला आलंच नाही. दक्षिणेचा डोंगर आहे ना, हिवाळ्यात सूर्य त्याच्यामागूनच चालत जातो, फेब्रुवारी लागेपर्यंत. वर गावात ऊन असतं, खाली सपाटीवर सावली. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी तिथे कधी घर बांधलं नाही, उन्हाळ्यात घोडे बांधले फक्त. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. तू जाणत नाहीस, कारण सात वर्षांचा असताना गेलास तो त्यानंतर एकही हिवाळा इथे राहिला नाहीस. दरवर्षी सुट्टीत येतोस. तुला आमचं गाव फक्त उन्हाळ्यात माहीत आहे, नोनो. जुलैत तिथे सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. तू ते पाहिलंस आणि खुंट्या ठोकल्यास.

ऊन गेल्यावर ते घर काय झालं सांगू? काचेला आतून बोटभर दंव. तांब्याच्या हंड्यातलं पाणी सकाळी कुऱ्हाडीने फोडायचं. सिमेंटची जमीन बुटातून चावायची. गोवऱ्या हिवाळाभराच्या आणलेल्या, लोसरपर्यंत निम्म्या संपल्या. खाली गुरं नाहीत, माती नाही, छत उंच. ऊब चुलीतून निघायची ती थेट छताला जाऊन बसायची, आणि तिथे कुणी राहत नव्हतं.

आमाला मी रोज म्हणायचे, चल वर. ती म्हणायची, 'पोराने स्वतःच्या हाताने बांधलंय. पहिल्याच हिवाळ्यात सोडून गेलो तर लोक काय म्हणतील त्याला?' लोसर झालं. मी म्हटलं, आता चूल सोडायला हरकत नाही, चला दोघी. तर यांगस्कित हटून बसली. 'त्यांनी लिहिलंय नाही म्हणून. त्या खोलीत माझं एक गेलं.' तिला सोडून आमा वर येईना. मेंढीच्या कातड्याचा कोट एकच होता. आमा तो रोज सुनेच्या पोटावर घालायची आणि स्वतः घोंगडीत. छातीत कफ धरला. जानेवारीच्या नऊ तारखेला मी आणि लुंडुपमेमेंनी तिला पाठीवर वर आणलं. दोन दिवस होती. शुद्धीत होती. तुझं नाव घेतलं, राग काही नव्हता. गुडघ्यांना आता बरं वाटतंय म्हणाली, तुला कळवायला सांगितलं.

तरीही यांगस्कित वर येईना. आमा आपल्यामुळे गेली असं तिच्या डोक्यात बसलं, आता नवऱ्याचा शब्दही मोडायचा नाही म्हणाली. मग मी खाली जाऊन तिच्याजवळ झोपायला लागले. तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. ती बहुतेक राहणार नाहीत.

आणि मग तुझं पत्र आलं. मी मोठ्याने वाचत होते. साहेब हसले, ते वाचलं. बारा घरं, ती वाचली. 'ती भित्री आहे', इथे थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, श्वासाची वाफ गोठून तिच्या ओढणीची कड पांढरी झाली होती. पुढे तू लिहिलं होतंस, अडव तिला, कितीही रडली तरी. मी वाचलं, 'थंडी वाटली तर वर जा. जिथे ऊब असेल तिथे माझं मूल जन्मू दे. माझं काही म्हणणं नाही.'

ती म्हणाली, 'खरंच असं लिहिलंय?'

मी म्हटलं, 'तुला वाचता येतं का? नाही ना? मग मी वाचते ते ऐक.'

ती रडली, मग हसली. म्हणाली, 'मला ठाऊक होतं ते असं म्हणतील. मीच वेडी, अडून बसले.' आणि त्याच दुपारी वर आली. तिला अजून माहीत नाही. रोज शेजारणींना सांगते, ह्यांनी कसं समजून लिहिलं.

तुझी शेगडी आम्ही उपटून वर नेली. गोठ्याच्या खोलीच्या छताला लुंडुपमेमेंनी भोक पाडलं, धुराडं अर्धंच लागलं, खोलीच बुटकी. आता धूर बाहेर जातो आणि गुरांची ऊब भिंतीतून आत येते. डोळे झोंबत नाहीत. मेमे म्हणतात, 'काचेवाल्याने हे नळकांडं आणलं ते मात्र झकास केलं.' आबांच्या वेळी आपल्याला हे का सुचलं नाही याचा मी विचार करत बसते.

मला मूल नाही, खरं आहे. पण तुझ्या मुलीची नाळ मी कापली. जन्मल्यावर ती रडेना, तेव्हा उलटी धरून पाठीवर थापटलं तेही मीच. तुझं ते वाक्य मी यांगस्कितला वाचून दाखवलं नाही. ते मी वगळलं असतं, तू कसंही लिहिलं असतंस तरी.

आता माझं. तू दोरी ताणून जमिनीवर रेघ ओढत होतास तेव्हा मी चहा घेऊन आले होते. मला त्या जागेची सावली माहीत होती. मी गप्प बसले. गावातले बाकीचे गप्प बसले ते तू शिकलेला म्हणून, त्यांना वाटलं काच काहीतरी करत असेल. मला तसं वाटलं नव्हतं. तू मला विचारलं नाहीस याचा राग होता. आणि तू म्हणाला होतास, नाहीतर वरचं घर पाडून त्याच जागी बांधू. मला वाटलं, बांधू दे खाली, वरचं राहील. जोमोला स्वतःचं घर नसतं, नोनो. मला ते हवं होतं. एक वाक्य बोलले असते तर आमा आज असती. मी रोज तिच्या नावाने दिवा लावते आणि रोज हेच मनात येतं. ४९ दिवस पुरे होईपर्यंत आत्मा घराभोवती असतो म्हणतात. तिला हे माझ्या तोंडून ऐकू येत असेल.

तीन तारखेपासून तुझ्या भिंतीवर ऊन आलंय. काल मी एकटीच खाली गेले होते. हात लावून पाहिला. गरम होती. तू खोटं बोलला नव्हतास.

छोसडोल


लेह, २८ फेब्रुवारी

आचे,

हे पत्र यांगस्कितला वाचून दाखव. जसं आहे तसं. तिला कळू दे की मी ते लिहिलं नव्हतं, तू वाचलंस. तिने त्यानंतर माझ्याविषयी जे काय ठरवायचं ते ठरवावं.

तुझं पत्र परवा मिळालं. सत्तेचाळीस दिवस माझी आई माझ्यापुरती जिवंत होती. त्यात मी तिला बारा घरांची बातमी सांगितली, तिच्यावर रागावलो, गूळ पाठवला. तुझ्यावर चिडावं की तुझे पाय धरावेत, मला अजून कळत नाही. आज एकोणपन्नासावा दिवस. इथल्या मठात दिवे लावले. सगळे दिवे लागेपर्यंत मी उभा राहिलो.

काल साहेबांकडे गेलो. सांगितलं, ती सपाटी रद्द करा. ते म्हणाले, भिंतीत काही दोष आहे का? मी म्हटलं, भिंतीत नाही, माझ्यात आहे. मी ती जागा जुलैत पाहिली. ते म्हणाले, कागद वर गेलेत, आता थांबवणं अवघड आहे. मी म्हटलं, माझी आई त्या घरातल्या थंडीने गेली, हे कागदावर लिहून वर पाठवा, मी खाली सही करतो. त्यांनी कागद ओढला. थांबवतील असं वाटतं, खात्री नाही. तू मात्र लुंडुपमेमेंना आजच सांग, खाली एक दगडही ठेवू नका. नातवाचं लग्न वरच्या गावात होऊ दे.

यांगस्कितला सांग, पायाला कोमट पाणी, चोळायचं नाही. इथल्या डॉक्टरांनी मलम दिलंय, ते मी घेऊन येतोय. हो, येतोय. परवा निघतो. थुकजे म्हणतो बर्फ अजून दहा-बारा दिवस धरेल, कडेकडेने चाललं तर. त्याला मी आज पुढे पाठवतोय, हे पत्र देऊन. कारण यात पुढे जे लिहिणार आहे ते मला तुझ्यासमोर बसून बोलता येणार नाही.

तू गप्प बसलीस म्हणून आमा गेली असं तुझं म्हणणं आहे. तसं नाही, आचे. तो भार तू उतरव.

तू चहा देऊन वर गेलीस. त्यानंतर आमा आली होती, पाठीवर दगडांची टोपली घेऊन. मी रेघ ओढत होतो तिथे उभी राहिली. दक्षिणेच्या डोंगराकडे हात केला आणि म्हणाली, 'उर्गेन, इथे हिवाळ्यात सूर्य येत नाही बाळा. तो त्याच्यामागे असतो.' अगदी एवढ्याच शब्दांत. जागा बदल असंही म्हणाली. आजूबाजूला कामाला आलेली माणसं होती. मी हसलो. त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'आमा, सूर्य कुठे असतो ते मला नको शिकवूस. मी त्यासाठीच शाळेत गेलो.' सगळे हसले.

आमा वाकली, टोपलीतला दगड काढला, आणि मी दाखवलं तिथे ठेवला.

उर्गेन